इंचाला बहात्तर

वडगावात अमावास्येला माग बंद असतात,
म्हणून तो दिवस धरला.
एरवी इथं भिंतीही हलतात, बारीक.
तांब्यातल्या पाण्यावर दिवसभर वर्तुळं उठत राहतात
आणि तिपाईवरचा कॅमेरा
नाही म्हटलं तरी थरथरतो.

चार्ट कॉलेज रोडवरून छापून आणला होता.
साठ रुपये, जाड कागद.
त्यावर करडी वर्तुळं, लहान, मोठी, मोहरीएवढी,
एकावर एक पडलेली,
झाडाखालची पानगळ आठवडाभर कुणी लोटलीच नाही तशी.

रेघ दिसली की कॅमेरा चलाखी करतो.
काठ आपल्या मनानंच गिरवतो,
काळ्याला लागून एक पांढरी कड ओढून म्हणतो,
बघ, किती धार.
पडलेल्या पानांपुढं हे चालत नाही.
कुठलं पान कुठं संपतं, त्याला अंदाज बांधता येत नाही,
दिसलं तेवढंच सांगावं लागतं.

हे मी ईराप्पामामांना समजावत होते,
तर ते म्हणाले, "म्हणजे काठ झकास, अंग बाद.
असल्या साड्या आम्ही पण बघितल्यात की."

गेल्या महिन्यात सात साड्या परत आल्या होत्या.
फोटोत लोण्यासारखी, हातात आली तर सुताची,
असं एकीनं लिहिलं, आणि खरंच लिहिलं.
सुताचीच तर होती.
फोनला सुताचा खरखरीतपणा धूळ वाटला,
त्यानं पुसून टाकला.

दोन फोन, आणि येळ्ळूरच्या एका लग्नवाल्याकडून घेतलेला
जुना कॅमेरा. टेपनं अंतर धरलं,
दोन्हीकडून सारखे दिवे, तिपाईला वाळूची पिशवी.
निंगव्वा दारातून म्हणाली,
"साडी सोडून कागदाचा फोटो काढूलालीस काय गे?"

लॅपटॉपवर तीन रेषा उतरल्या
आणि तिन्ही एकाच जागी कोसळल्या.
असं कसं?
मामांनी बंडीतून पितळेचं घडीचं भिंग काढलं,
धागे मोजायचं, एका इंचाचं,
बिजागरी दोऱ्यानं बांधलेली.
चार्टवर ठेवलं. डोळा लावला.
"हा कागदच ठिपक्याठिपक्याचा आहे.
तू कॅमेरा मोजूलालीस का छापखाना?"

मी काही बोलले नाही.
साठ रुपये गेले, एवढंच मनात आलं.

त्यांनी चार्टवरच एक पदर टाचला, डाळिंबी,
आपल्या मागावरचा.
"हे घे. इंचाला बहात्तर. ह्याच्यात खोट नाही."

पहिल्या फोननं चाळीसपर्यंत दाखवले,
पुढं नुसता रंग, ढवळलेल्या पिठल्यासारखा.
दुसऱ्यानं नव्वद दाखवले.
नसलेले धागेसुद्धा काढून दिले त्यानं, एकदम ठसठशीत.
मामा खो खो हसले, "हा सोसायटीत सेक्रेटरी शोभतोय."
जुन्या कॅमेऱ्यानं मधे बहात्तर दिले,
कोपऱ्यात साठ. कोपऱ्यात कमी पडलो, हेही कबूल केलं.

बहात्तर मोजता येतायत म्हणून
मी चित्र आणखी मोठं करत गेले,
धागा दोरीएवढा झाला, लव दिसायला लागली,
आणि डावीकडं, काठापासून चार बोटांवर,
एक गाठ.

मामांचं हसू थांबलं.
भिंगाची घडी उघडली, मिटली.
"मार्चातली," ते म्हणाले.
"हिला दवाखान्यात ठेवल्याली ती रात्र.
तार तुटली, बोटानंच जोडली, थुंकी लावून बसवली.
मालकाला घावली नव्हती."

निंगव्वा आत निघून गेली. कपबशा वाजल्या.

"गिऱ्हाइकाला दिसंल हे?"
"दिसेल."
त्यांनी पहिला फोन हातात घेतला, उलटासुलटा केला.
"ह्याच्यात?"
"ह्याच्यात नाही. पण ह्याच्यात काहीच नाही, मामा."

गल्ली इतकी गप्प होती की
दोन घरं पलीकडं कुणीतरी नारळ फोडला तो ऐकू आला.
चहा आला, निवला.
मग ते भिंग धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले,
"हाच घे, जुना. पण उद्या काढ.
उद्या माग चालू होतील.
तिपाई हलू दे थोडी."

मी टेप गुंडाळली.
अंतर वहीत लिहून ठेवलं, एक मीटर वीस.
वाळूची पिशवी न्यावी की ठेवावी, कळेना.